थीम पार्कला कधी जायचं? आधी कालनिर्णय काढा, मग तिकीट

डिसेंबरातला बुधवार. ऊन कोवळं, सण नाही, सुट्टी नाही, म्हणजे पार्क मोकळंच मिळणार असा माझा हिशेब. चिरंजीवांच्या शाळेत ‘कणकण आहे’ असं कळवलं (खोटं बोललो, कबूल) आणि मुलुंडहून सकाळी गाडी काढली. पार्किंगमध्ये शिरताना पहिली पिवळी बस दिसली तेव्हा काही वाटलं नाही. दहावी दिसली तेव्हा बायकोने माझ्याकडे पाहिलं. पुढे मी मोजणं सोडून दिलं. आत प्रत्येक रांगेत एकाच रंगाच्या टोप्या घातलेली पोरं, मध्येमध्ये गळ्यात शिट्टी अडकवलेले पीटीचे सर, आणि मोठ्या रोलर कोस्टरसमोर दीड तासाची रांग. संध्याकाळपर्यंत आमच्या पाच राइड्स झाल्या. परतताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. चिरंजीव तेवढे म्हणाले, “बाबा, त्यापेक्षा शाळेच्या सहलीतूनच आलो असतो ना!”

वर्षातला चांगला काळ कोणता, असं विचारलं की दहातले नऊ जण ‘थंडी’ म्हणतात. पण थंडीतली हवा आपल्याला छान वाटते तशी ती शाळेच्या सहल समितीलाही वाटते, कंपनीच्या एचआरलाही वाटते आणि सुरतेहून निघालेल्या मोठ्या कुटुंबालाही वाटते. आपण शोधायचा तो आठवडा, ज्यात हवा सोसवेल आणि बाकीच्यांना सवड नसेल. असे आठवडे वर्षात थोडेच, पण ते असतात, आणि घरबसल्या काढता येतात.

आधी पार्क कुठलं ते ठरवा

‘थीम पार्क’ म्हणून आपण सगळं एकाच टोपलीत टाकतो, पण प्रत्येकाचा मोसम वेगळा. खालापूर तालुक्यात खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. त्यातला मुख्य भाग कोरड्या राइड्सचा, आणि वर्षभराने त्याला जोडून वॉटर पार्क आलं. गोराईला १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड उभं राहिलं. आमच्या पिढीचं ते काशी-रामेश्वर, आता बंद आहे. त्याच्या शेजारचं १९९८ चं वॉटर किंगडम म्हणजे निव्वळ पाण्याचा खेळ. ठाण्याला घोडबंदर रोडवर सूरज वॉटर पार्क, विरारच्या बाजूला ग्रेट एस्केप, घाट चढून गेलात तर लोणावळ्याला वेट एन जॉय. घाटकोपरच्या मॉलमधलं किडझानिया चार भिंतींच्या आत, त्याला ऊन-पाऊस काहीच लागत नाही. भर जुलैत मुलांनी डोकं खाल्लं तर तिकडे न्या, आणि बाकीचा लेख सोडून दिलात तरी चालेल.

कोरड्या पार्कात दिवसभर पायपीट असते आणि रांगा बऱ्याचदा उघड्यावर, म्हणून तिथे ऊन हा शत्रू. पाण्याच्या पार्कात ऊन हवंच असतं, पण भर मे महिन्यात नको. तिथल्या फरशा अकरा वाजल्यापासून तव्यासारख्या तापतात. स्लाइडवरून उतरलेली पोरं पुन्हा जिन्याकडे जाताना एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत जातात, ते बघितलं असेल तर मी काय म्हणतोय ते कळेल. आणि जानेवारीत सकाळी अकराला त्याच पाण्यात उतरलात तर दात वाजतात. मुलांना काही होत नाही, आपण मात्र दुपारपर्यंत टॉवेल गुंडाळून बाकावर.

पावसाचा हिशेब

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. हे झालं सरासरीचं, पावसाने काही करारावर सही केलेली नाही. सगळ्यात जोर जुलैत: सांताक्रूझची जुलैची सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास आहे. खोपोली तर बोरघाटाच्या पायथ्याशी. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि तिथेच रिते होतात, त्यामुळे मुंबईत रिमझिम असताना तिकडे धो-धो चालू असतं. म्हणून अंदाज बघताना ‘मुंबई’ बघू नका, ‘रायगड’ बघा. हवामान खातं जिल्हावार पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतं. पिवळा असेल तर छत्री घ्या आणि जा. नारिंगी असेल तर मी तारीख पुढे ढकलतो. लाल असेल तर घरी भजी तळा. २०२३ मध्ये १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तो हाच खालापूर तालुका. तिथल्या पावसाशी पैज लावायची नसते.

पावसात उघड्यावरच्या राइड्स का थांबवतात, यावर रांगेत नेहमी वाद होतो. विजा चमकायला लागल्या की उंच लोखंडी सांगाड्यावर माणसं चढवायची नाहीत, हे सरळ आहे. जोराच्या सरीत चाकांची आणि ब्रेकची पकडही बदलते. शिवाय त्या वेगात पावसाचा थेंब गालावर सुईसारखा टोचतो. हलक्या सरीत बहुतेक राइड्स चालू राहतात, आणि छताखालच्या, म्हणजे अंधारातल्या किंवा पडद्यावरच्या, राइड्सना काहीच फरक पडत नाही. त्यामुळे पावसाळ्यात जायचं तर आतल्या राइड्स जास्त असलेलं पार्क निवडा आणि सकाळी उघडीप मिळताच आधी बाहेरचा मोठा कोस्टर उरकून घ्या.

पाण्याच्या पार्कला मात्र पावसाळ्याची सुरुवात झकास. अंगावर वरून पाणी, खालून पाणी, आणि उकाडा गेलेला. वीज कडाडली की सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात, तेवढी अडचण. गोराईला जाणार असाल तर भरतीचं वेळापत्रकही बघा. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते. त्या दिवशी त्याच वेळी मुसळधार पाऊस असेल तर खाडी ओलांडून तिकडे नेणाऱ्या बोटीचं काही सांगता येत नाही, आणि सखल भागातले रस्ते तुंबतात ते वेगळंच. मग भाईंदर-उत्तनमार्गे वळसा.

शाळा: इथेच बहुतेकांचं गणित चुकतं

माझंही इथेच चुकलं होतं. ‘आठवड्याच्या मधला दिवस म्हणजे गर्दी कमी’ हा नियम वर्षातले आठ-नऊ महिने खरा आहे. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून जानेवारी संपेपर्यंत तो उलटा होतो. शाळांच्या सहली याच दिवसांत, आणि त्या बहुतेक सोमवार ते शुक्रवारच असतात, कारण शनिवार-रविवारी पार्कही महाग आणि शिक्षकही घरी. त्यातच कंपन्यांच्या पिकनिक.

यावर दोन उपाय आहेत. पहिला: तिकीट काढायच्या आधी पार्कला फोन करून विचारा, “त्या दिवशी शाळांचं बुकिंग आहे का हो?” बरेचदा खरं उत्तर मिळतं. समोरच्याने “थोडं आहे” असं ओढून म्हटलं तर तारीख बदला. दुसरा उपाय मला त्या बुधवारीच कळला, पण उशिरा: सहलीच्या बस तीन-साडेतीनला निघतात, कारण पोरांना अंधाराच्या आत पालकांच्या हवाली करायचं असतं. साडेतीननंतर ज्या रांगेत आधी दीड तास गेला होता तिथे आम्ही वीस मिनिटांत बसलो. म्हणजे थंडीत मधल्या वारी जायचंच असेल तर सकाळी आतले खेळ, शो आणि छोट्या राइड्स करा, मोठे कोस्टर दुपारनंतरसाठी राखून ठेवा. फक्त पार्क बंद व्हायची वेळ आधी बघून घ्या. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो.

आता शाळांच्या वर्षातल्या फटी बघा. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. नवी वह्या-पुस्तकं, नवा वर्ग, पहिल्याच आठवड्यात कुणी पोराला दांडी मारायला लावत नाही. त्यामुळे १५ जूनपासून महिनाअखेरपर्यंतचे मधले वार बऱ्यापैकी रिकामे. दुसरी फट फेब्रुवारीत: दहावी-बारावीच्या परीक्षांचं वातावरण, सहली संपलेल्या, आणि ज्यांच्या घरात बोर्डाचं मूल आहे ते कुठेच जात नाहीत. तुमच्या घरात पहिली ते सातवीतलं मूल असेल तर ही फट तुमचीच.

मे महिन्याबद्दल काय बोलायचं! राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई, सगळे एकदम मोकळे. गुजरातेतून, विदर्भातून पाहुणे आलेले. वेव्ह पूलमध्ये लाट येते, पण ती माणसांच्या गर्दीतून पायापर्यंत पोचत नाही. जायचंच असेल तर निदान शनिवार-रविवार टाळा.

पंचांग

आता खरी गंमत. भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि पितृपक्ष कधी आहे ते बघा.

अनंत चतुर्दशीला गणपती गेले की माणसं दमलेली असतात, खिसे हलके झालेले असतात आणि समोर नवरात्र-दिवाळीचा खर्च उभा असतो. पितृपक्षात मौजमजा करू नये असं मानणारी घरंही आपल्याकडे पुष्कळ. माझी आई त्यातलीच. पहिल्या वर्षी ती म्हणाली, “श्राद्धाच्या दिवसांत कसले झोपाळे?” मी म्हटलं, आबांची तिथी झाली की जाऊ. तिथीला वाडी दाखवली, कावळ्याने पिंड शिवला, आणि पुढच्या मंगळवारी आम्ही निघालो. तीसुद्धा आली. मोठ्या कोस्टरची रांग बारा मिनिटं. आई सावलीत बसून म्हणाली, “आबा असते तर त्यांना हे आवडलं असतं.” तेव्हापासून आमच्या घरात हा वाद मिटला.

पण पितृपक्ष दर वर्षी एकाच जागी येत नाही, आणि यातच मेख आहे. २०२५ मध्ये तो ८ ते २१ सप्टेंबर होता, म्हणजे पावसाच्या तावडीत. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने तो ३० सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर असा सरकला, म्हणजे पाऊस सरत आलेला पण ऑक्टोबर हीट सुरू. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि पितृपक्ष २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. त्यातही २ ऑक्टोबर शुक्रवारी येतो, म्हणजे तीन दिवसांची जोडसुट्टी. ते तीन दिवस सोडा, बाकीचे मधले वार घ्या. ढोबळ नियम: पितृपक्ष लवकर आला तर छत्री आणि आतल्या राइड्स, उशिरा आला तर टोपी आणि भरपूर पाणी. उशिरा आला तर शाळेत सहामाहीची परीक्षा आडवी येते का तेही बघा.

गणपतीचे दिवसही पार्कासाठी वाईट नाहीत. निम्मी मुंबई कोकणात, निम्मी मांडवात. फक्त चतुर्थीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत पनवेलच्या बाजूला जाऊ नका. गावाला निघालेल्या गाड्या पळस्प्यापासून अडकतात, तिथे तुमचा दिवस संपेल.

टाळायचे दिवस सांगायला पंचांग लागत नाही: भाऊबीज आणि त्यापुढचा आठवडा, नाताळ ते ३१ डिसेंबर, २६ जानेवारीला जोडून येणारा शनिवार-रविवार, १५ ऑगस्ट. फेब्रुवारीत १९ तारखेची शिवजयंती आणि महाशिवरात्र कोणत्या वारी येते ते बघा. शुक्रवारी किंवा सोमवारी आली तर तो आठवडा गेलाच. होळीला वॉटर पार्कमध्ये रंग आणि रेन डान्स असतो, तो प्रकार कुटुंबाला झेपतो का हे तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही एकदा गेलो, पुन्हा गेलो नाही.

रस्ता आणि लोकल

पार्कातली रांग आपण मोजतो, एक्सप्रेसवेवरची मोजत नाही. शनिवारी सकाळी सगळी मुंबई पुण्याकडे निघते आणि घाटात अडकलेल्या गाड्यांची शेपटी खाली खालापूर टोलनाक्यापर्यंत येते. पार्कासाठी आपल्याला घाट चढायचा नसतो, तरी त्या शेपटीत आपण सापडतो. रविवारी संध्याकाळी हेच उलट दिशेने, आणि पावसाळ्यात भुशी डॅमवरून भिजून परतणारी गर्दी त्यात भर घालते. मधल्या वारी मुलुंडहून ऐरोली-पनवेलमार्गे मला दीड तास पुरतो, तोच रस्ता शनिवारी किती वेळ खाईल ते सांगता येत नाही.

लोकलने जाणाऱ्यांनी रविवारचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी बघावाच. खोपोलीला जाणाऱ्या लोकल मोजक्या. एक चुकली की कर्जतला वडापाव खात बसायचं. स्टेशनवरून पुढे रिक्षाचा भाव आधी ठरवून घ्या. पार्कची स्वतःची बस कोणत्या वारी आणि कुठून सुटते तेही विचारा. बरेचदा ती ठरावीक दिवशीच असते.

मग माझी निवड कोणती?

कोरड्या पार्कासाठी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, मंगळवार ते गुरुवार. सकाळी गारवा, दुपारी ऊन पण सोसवणारं, सहली संपलेल्या. मार्च लागला की खोपोलीकडे दुपार भाजायला लागते. ते हुकलं तर पितृपक्ष. पाण्याच्या पार्कासाठी जूनचा शेवटचा आठवडा, पिवळ्या इशाऱ्यापर्यंत.

एक मात्र ध्यानात ठेवा: फार रिकामा दिवसही धोक्याचा. गर्दी कमी असते तेव्हाच पार्कवाले दुरुस्तीची कामं काढतात, त्यामुळे ज्या राइडसाठी आलात तीच पत्रे लावून बंद, असं होऊ शकतं. आणि कमी गर्दीत ते रुळावर कमी गाड्या ठेवतात. साधं गणित करा: एका फेरीत २० माणसं, दर तीन मिनिटांनी फेरी, म्हणजे तासाला ४००. पुढे २०० माणसं असतील तर अर्धा तास. दोनऐवजी एकच गाडी धावत असेल तर फेरी सहा मिनिटांनी, आणि तेवढ्याच २०० माणसांना पूर्ण तास. रांगेत शिरण्याआधी दोन फेऱ्या घड्याळ लावून बघा, कळतं. आणि फोन कराल तेव्हा शाळांबरोबर हेही विचारा की त्या दिवशी कुठल्या राइड्स बंद आहेत.

(परदेशी जाणाऱ्यांसाठी एवढंच: हाच खेळ तिथेही आहे. आपली मेची सुट्टी लागते तेव्हा जपानात गोल्डन वीक आणि चीनमध्ये कामगार दिनाची सुट्टी असते. टोकियो किंवा हाँगकाँगच्या डिस्नीला मेच्या पहिल्या आठवड्यात गेलात तर रांगा काय असतात ते कळेल.)

तिकिटाआधी घरातली विचारपूस

मुलाची उंची मोजा, बूट काढून, दाराच्या चौकटीला पेन्सिलीने खूण करून. मोठ्या राइड्सना किमान उंची लागते, ती पार्कच्या साइटवर असते. आमचा धाकटा एकदा दोन बोटांनी कमी पडला आणि दिवसभर भोकाड. आता आम्ही खूण रेषेच्या वर गेली की मगच त्या मोसमाचा विचार करतो. सहा महिने थांबलं तर त्याच तिकिटात दुप्पट राइड्स.

वॉटर पार्कची तारीख घरातल्या बायकांना विचारून ठरवा. हे मला सांगावं लागायला नको, पण मी न विचारता तिकिटं काढली होती, म्हणून सांगतो. गरोदर बाई, पाठीचं किंवा रक्तदाबाचं दुखणं असलेली माणसं असतील तर त्यांना बसायला सावली कुठे आहे ते बघा, आणि मग मार्च ते मे विसरा.

तिकीट आगाऊ ऑनलाइन काढलं तर बहुधा स्वस्त पडतं, आणि मधल्या वारी आणखी. पण पावसाळ्यात स्वस्ताच्या मोहात महिनाभर आधी काढू नका. पाऊस पडला म्हणून पैसे परत मिळतील असं धरून चालू नका. तारीख बदलता येते का, किती दिवस आधी आणि किती पैसे भरून, ते वाचा. मी पावसाळ्यात दोन दिवस आधी रायगडचा अंदाज बघून काढतो, थोडे जास्त गेले तरी. एक्सप्रेस पास नावाचा रांग चुकवायचा प्रकार असतो. योग्य मंगळवार निवडला असेल तर तो वाया जातो, आणि नाताळात गेलात तर तोच तुमचा तारणहार.

आदल्या रात्री पुन्हा एकदा इशारा बघा, पार्कची वेळ बघा, गाडीत पेट्रोल आणि फास्टॅगमध्ये पैसे आहेत का बघा. डबा घेतलात तरी तो गाडीत ठेवायच्या तयारीने. बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, आणि गेटवर सुरक्षारक्षकाशी थालीपिठावरून हुज्जत घालण्यात सकाळची पहिली पंधरा मिनिटं जातात, नेमकी तीच, जेव्हा मोठ्या कोस्टरसमोर कुणी नसतं. गेटजवळच्या पहिल्या राइडला सगळे थबकतात. तुम्ही थांबू नका, सरळ टोकाला चालत जा. थालीपीठ पार्किंगमध्ये, संध्याकाळी, डिकी उघडून खाल्लं की त्याची चव काही वेगळीच लागते.